कोरडे डोळे आणि त्यांची निगा

डोळ्यांतून पाणी वाहत असेल तर तो डोळा ओला आहे, असें कोणासही वाटेल. परंतु ज्याच्या डोळ्यांस वाऱ्याच्या झुळकेसरशी पाण्याची धार लागते, त्याचाच डोळा कित्येक वेळां कोरडा असतो. ही गोष्ट ऐकण्यास विलक्षण वाटते, पण ती खरी आहे. आणि ती ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ लोक आपल्या डोळ्यांत नको तें औषध घालतात. म्हणून आजचा पाठ आम्ही ह्याच विषयावर देत आहों.

आमच्या वाचकांत शेतांत राबणारे आहेत, चुलीपुढें बसणाऱ्या माता आहेत, आणि रात्रीं दिव्याजवळ वाचन करणारे उपदेशक बंधु आहेत. ह्या सर्वांची तक्रार पुष्कळदां एकच असते: डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपतें, आग होते, सकाळीं पापण्या जड वाटतात, आणि वाचतां वाचतां अक्षरें अंधुक होतात. तक्रार एक असली तरी कारण एक नसतें. कारण जाणल्यावांचून डोळ्यांत थेंब घालणें म्हणजे कुलूप न पाहतां किल्ली फिरविणें होय. किल्ली चुकली तर कुलूप बिघडतें. थेंब चुकला तर दृष्टि जाते. यास्तव प्रथम कारण, मग उपाय, हा क्रम वाचकांनीं मनांत धरावा.

१. अश्रु म्हणजे काय?

अश्रु म्हणजे नुसतें पाणी नव्हे. निरोगी डोळ्याच्या पुढच्या भागावर अश्रूंचा एक अतिशय पातळ पडदा सदैव पसरलेला असतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांपैकीं तीनचार भागांइतकीच त्याची जाडी. परंतु एवढ्याशा पडद्यांत तीन पदार्थ आहेत. अगदीं तळाशीं चिकट द्रव असतो. त्याच्यामुळें पाणी डोळ्यास धरून राहतें, अळवाच्या पानावरच्या थेंबासारखें घरंगळून जात नाहीं. त्यावर पाणी असतें; त्यांत क्षार, पोषक द्रव्यें व रोगजंतूंस मारणारीं द्रव्यें असतात. आणि सर्वांत वर तेलाचा तवंग असतो.

ह्या तवंगाचें काम काय? कढत आमटीवर तेलाचा तवंग असला म्हणजे तिची वाफ लवकर जात नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. डोळ्यावरील तवंगही तेंच काम करितो; तो खालचें पाणी उडूं देत नाहीं. हें तेल पापण्यांच्या कडेस असलेल्या बारीक ग्रंथींतून पाझरतें. वरच्या पापणींत अशा सुमारें २५ ते ४० व खालच्या पापणींत २० ते ३० ग्रंथि असतात. हाइनरिख माइबोम नांवाच्या जर्मन वैद्यानें १६६६ सालीं त्यांचें वर्णन केलें, म्हणून वैद्यकांत त्या त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात.

प्रत्येक वेळीं पातें लवतें तेव्हां हा पडदा नव्यानें सारवला जातो, आणि जुनें पाणी आंतल्या कोपऱ्यांतील सूक्ष्म छिद्रांवाटे नाकांत उतरतें. रडतांना नाकही वाहतें, त्याचें कारण हेंच. सहज बोलतां-चालतांना मिनिटास सुमारें १५ वेळां पातें लवतें. बुबुळावर जो कांचेसारखा पारदर्शक पडदा आहे त्यांत रक्तवाहिन्या नसतात. त्यास हवेंतील प्राणवायु ह्या अश्रूंच्या द्वारेंच मिळतो. तेव्हां अश्रूंचा पडदा फाटला तर केवळ खुपतें एवढेंच नव्हे, तर दृष्टीच्या खिडकीचीच हानि होते.

२. पाणी वाहूनही डोळा कोरडा कसा?

डोळा दोन प्रकारांनीं कोरडा होतो. एक, मुळांत पाणीच कमी तयार होतें. दुसरा, पाणी पुरेसें असतें, परंतु वरचें तेल कमी किंवा घट्ट झाल्यामुळें तें लवकर उडून जातें. पुष्कळ लोकांत हा दुसरा प्रकार आढळतो, आणि कित्येकांत दोन्ही एकत्र असतात.

पडदा जेथें तुटतो तेथें डोळ्याचा पृष्ठभाग उघडा पडतो व त्यास टोंचूं लागतें. मग, घरास आग लागली असतां घागरीमागून घागरी ओताव्या त्याप्रमाणें, वरच्या पापणीमागील अश्रुग्रंथि एकदम पाणी सोडते. तें गालांवर ओघळतें. परंतु त्यांत तेल व चिकट द्रव योग्य प्रमाणांत नसल्यामुळें तें डोळ्यावर टिकत नाहीं. पाणी वाहून जातें आणि डोळा पुन्हा कोरडा तो कोरडाच. म्हणून वाऱ्यांत, धुरांत किंवा वाचतांना पाणी येतें, आणि मागाहून आग होते, असें जो सांगतो, त्याच्या डोळ्यांत कोरडेपणाचा संशय घ्यावा. तथापि पाणी वाहण्याचीं दुसरींही कारणें आहेत. नाकाकडे जाणारी नळी बंद झाली, पापणीचा केस आंत वळला किंवा डोळ्यांत कण रुतला तरीही पाणी येतें. शेवटचा निवाडा नेत्रवैद्याचा होय.

३. कोरडेपणाचीं कारणें

हा रोग आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेंत ‘शुष्काक्षिपाक’ ह्या नांवानें कोरड्या व दाह होणाऱ्या डोळ्यांचा निर्देश आहे. परंतु आजच्या राहणींत त्याचीं कारणें वाढलीं आहेत. मुख्य कारणें येणेंप्रमाणें:

(अ) वय. उतारवयांत पाणी व तेल दोन्ही कमी होतात. मासिक पाळी बंद झालेल्या स्त्रियांत ही तक्रार विशेष आढळते.

(आ) धूर, धूळ व वारा. लांकूड व गोवऱ्या जाळणारी चूल, मळणीचा भुसा, मोटारसायकलीवर तोंडावर येणारा वारा, आणि झोपतांना थेट चेहऱ्यावर सोडलेला पंखा, हे सर्व अश्रु उडवितात. २०१६ सालापासून सरकारच्या उज्ज्वला योजनेनें गॅस पुष्कळ घरांत आला. तरीही पाणी तापविण्यासाठीं किंवा सिलिंडर संपल्यावर चूल पेटतेच, आणि तिच्यापुढें बहुधा घरांतील वृद्ध बाईच बसते.

(इ) एकटक पाहणें. वाचतांना, शिवतांना किंवा मोबाइलकडे पाहतांना पातें फार कमी वेळां लवतें, आणि जें लवतें तेंही पुरतें मिटत नाहीं. सारवण थांबलें म्हणजे जमिनीस भेगा पडतात. डोळ्याचेंही तसेंच होतें.

(ई) औषधें. सर्दीवरील व खाजेवरील कांहीं गोळ्या, मनाच्या उदासीनतेवरील कांहीं औषधें आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या ह्यांच्यामुळें कोरडेपणा येऊं शकतो. म्हणून ह्या गोळ्या आपण होऊन बंद करूं नयेत; परंतु त्या चालू आहेत हें वैद्यास अवश्य सांगावें.

(उ) शरीरांतील दुसरे रोग. मधुमेह असणाऱ्यांस ही तक्रार अधिक होते. स्वीडन देशांतील नेत्रवैद्य हेन्रिक शोग्रेन ह्यांनीं १९३३ सालीं आपल्या प्रबंधांत डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांची हकीकत मांडली. त्यांपैकीं बहुतेकींचे सांधेही धरलेले होते. आज त्या विकारास त्यांचेंच नांव आहे. ज्यांचे डोळे कोरडे, तोंडही कोरडें, कोरडी भाकर पाण्यावांचून गिळत नाहीं, आणि त्यासह सांधे दुखतात, त्यांनीं केवळ डोळ्याच्या थेंबांवर समाधान मानूं नये. त्यांच्या सर्व शरीराची तपासणी झाली पाहिजे.

(ऊ) पापणीचे विकार. पूर्वीं खेड्यापाड्यांत खुपऱ्यांचा रोग फार होता. २०२४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांत हा रोग सार्वजनिक संकट म्हणून उरला नाहीं असें जाहीर केलें, ही आनंदाची वार्ता होय. परंतु ज्यांस लहानपणीं वारंवार खुपऱ्या झाल्या, त्यांच्या पापण्यांच्या आंत वण राहिलेले असतात, आणि त्यांच्यामुळें डोळा कोरडा पडतो. तसेंच कुष्ठरोगानें किंवा तोंड वांकडें होण्याच्या विकारानें ज्यांची पापणी पुरती मिटत नाहीं, त्यांचा डोळा झोपेंतही उघडा राहतो. कुष्ठरोगांत तर डोळ्याची संवेदना कमी होत असल्यामुळें खुपल्याचेंही कळत नाहीं. अशा माणसाची तक्रार नसली तरी त्याचा डोळा रोज आरशांत किंवा घरच्या माणसानें पाहिला पाहिजे. लाली किंवा पांढरा ठिपका दिसल्यास त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

४. घरीं करण्याजोगे उपाय

पहिला उपाय शेक. पापण्यांच्या ग्रंथींतील तेल घट्ट झालें असेल, तर तें थिजलेल्या तुपाप्रमाणें उबेनें पातळ होतें. स्वच्छ मऊ फडकें सोसवेल इतक्या कोमट पाण्यांत भिजवून पिळावें, डोळे मिटून पापण्यांवर ठेवावें, आणि निवूं लागतांच पुन्हा भिजवावें. असें ५ ते १० मिनिटें, दिवसांतून दोन वेळां करावें. पाण्याची ऊब प्रथम मनगटाच्या आंतल्या बाजूस पाहावी, कारण पापणीची कातडी फार नाजूक असते. शेकानंतर स्वच्छ बोटानें वरची पापणी वरून खालीं व खालची खालून वर, कडेच्या दिशेनें हलकेंच चोळावी, आणि पापण्यांच्या कडेची चिपडें उकळून निवविलेल्या पाण्यांत बुडविलेल्या कापसानें पुसून काढावीं. दोनचार दिवसांत गुण आला नाहीं म्हणून सोडूं नये. कित्येक आठवडे नेम धरावा लागतो.

दुसरा उपाय पातें मिटणें. वाचतांना दर पानाच्या शेवटीं डोळे सावकाश पुरते मिटून उघडावे. मोबाइल पाहणाऱ्यानें दर २० मिनिटांनीं सुमारें २० फूट दूर २० सेकंद पाहावें. पुस्तक किंवा मोबाइल डोळ्यांच्या रेषेच्या खालीं धरावा. म्हणजे पापणी थोडी खालीं येते व डोळ्याचा कमी भाग वाऱ्यास लागतो.

तिसरा उपाय धूर व वारा टाळणें. चुलीस धुराडें असावें, किंवा ती खिडकीजवळ अगर पडवींत मांडावी. मळणीच्या वेळीं व गाडीवर बसतांना बाजूंनीं झांकणारा चष्मा लावावा. तो नंबराचाच असावा असें नाहीं. पंखा पायांकडे फिरवावा. विडी-सिगारेट सोडावी, तिचा धूर ओढणाऱ्याच्या व शेजारच्याच्या, दोघांच्याही डोळ्यांस बाधतो.

चौथा उपाय कृत्रिम अश्रु. हे थेंब औषधाच्या दुकानांत मिळतात व सौम्य कोरडेपणांत उपयोगी पडतात. ते दिवसांतून चारांहून अधिक वेळां घालावे लागत असतील, तर टिकाऊपणाचें रसायन न घातलेले थेंब मागावे, कारण तें रसायन वारंवार लागल्यानें डोळ्यास त्रास होतो. हात धुऊन थेंब घालावा, बाटलीचें टोंक डोळ्यास किंवा पापणीस लागूं देऊं नये, एकाची बाटली दुसऱ्यानें वापरूं नये, आणि उघडलेली बाटली वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीनंतर टाकून द्यावी. ही मुदत बहुधा एक महिन्याची असते.

माशाच्या तेलाच्या गोळ्यांविषयीं पुष्कळ जाहिराती असतात. अमेरिकेंत एका मोठ्या प्रयोगांत ५३५ रुग्णांची वर्षभर तुलना केली. २०१८ सालीं त्याचें फळ प्रसिद्ध झालें. माशाचें तेल घेणारांस ऑलिव्हचें तेल घेणारांहून अधिक गुण आला नाहीं. तेव्हां गरिबानें ह्या गोळ्यांसाठीं कर्ज काढूं नये.

५. काय करूं नये

डोळ्यांत मध, लिंबाचा किंवा कांद्याचा रस, एरंडेल, गोमूत्र, पाल्याचा रस किंवा मातेचें दूध घालूं नये. ह्यांतील कांहीं पदार्थ डोळा भाजतात, आणि सर्वांतून रोगजंतु आंत शिरतात. डोळा झोंबला व पाणी आलें म्हणजे ‘घाण निघाली’ असें जें मानतात, तें चूक आहे; तो डोळ्याचा आक्रोश होय.

ह्याहून मोठा धोका दुकानांतून विचारून आणलेल्या लाल डोळ्यांच्या थेंबांत आहे. त्यांपैकीं कित्येकांत स्टिरॉइड नांवाचें औषध असतें. नेत्रवैद्यही तें कधीं कधीं देतात, परंतु थोडे दिवस व आपल्या देखरेखीखालीं. तें वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकूं नये असा नियमही आहे. त्यानें लाली झपाट्यानें उतरते, म्हणून लोकांस तें अमृत वाटतें. परंतु महिनोन् महिने घातल्यास डोळ्याच्या आंतील दाब वाढून कांचबिंदु होऊं शकतो, आणि कांचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. मोतीबिंदुही लवकर होतो. शेतांत उंसाचें पातें किंवा भाताचें कुसळ लागून बुबुळावर बुरशीची जखम झाली असेल, तर स्टिरॉइडनें ती बुरशी पसरते, आणि डोळ्यांत कायमचें फूल पडतें. म्हणून शेजाऱ्याची उरलेली बाटली, ती कितीही गुणकारी वाटली तरी, स्वीकारूं नये.

६. लेंकरांचे कोरडे डोळे

येथवर जें सांगितलें तें मोठ्या माणसांविषयीं. लहान मुलाचा डोळा कोरडा दिसला तर ती गोष्ट निराळी व अधिक तांतडीची आहे. तेथें शेक व थेंब ह्यांत वेळ दवडूं नये, कारण तो कोरडेपणा बहुधा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा असतो.

त्याचें पहिलें लक्षण रातांधळेपणा. दिवेलागणीस मूल खेळ सोडून एका जागीं बसतें, वाटेंतल्या भांड्यास अडखळतें, ताटांतला घांस चांचपतें. आई म्हणते, ‘पोर भित्रें झालें आहे.’ परंतु पोर भित्रें नसतें. त्यास दिसत नसतें. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागाचें तेज जातें, त्यावर सुरकुत्या पडतात, आणि बुबुळाच्या बाजूस साबणाच्या फेंसासारखा पांढरट डाग दिसतो. फ्रेंच वैद्य पिएर बिटो ह्यांनीं १८६३ सालीं त्याचें वर्णन केलें. ह्यापुढची पायरी भयंकर आहे: बुबुळावरील पडदा मऊ पडून थोड्याच दिवसांत विरघळतो. गोवर किंवा दीर्घ हगवण झालेल्या कुपोषित मुलांत हें फार लवकर घडतें.

शिवाय हा अभाव केवळ डोळ्यांचा शत्रु नाहीं. इंडोनेशियांतील आचे प्रांतांत झालेल्या व १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, ज्या गांवांतील मुलांस हें जीवनसत्त्व दिलें, तेथें बालमृत्यु सुमारें एक तृतीयांशानें कमी झाले. तेव्हां मुलाचा कोरडा डोळा ही त्याच्या जिवाविषयींची सूचना समजावी.

भारत सरकारनें १९७० सालीं मुलांस हें जीवनसत्त्व देण्याची योजना सुरू केली. आज ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत एकंदर ९ मात्रा देतात: पहिली गोवराच्या लशीबरोबर, व पुढें दर सहा महिन्यांनीं एक. त्या आरोग्य उपकेंद्रांत व अंगणवाडींत फुकट मिळतात. मात्रा चुकली असल्यास आशाताईंस विचारावें; परंतु आपण होऊन जादा देऊं नये, कारण अति झाल्यास हें जीवनसत्त्व विषासारखें बाधतें. गर्भवती स्त्रीनें तर तें वैद्यास विचारल्यावांचून मुळींच घेऊं नये.

आहार तर प्रत्येकाच्या हातीं आहे. शेवग्याचा पाला, मेथी, राजगिरा, अळू, चाकवत, लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई व आंबा ह्यांत हें जीवनसत्त्व शरीरांत तयार होण्याचें साहित्य असतें. भाजींत थोडें तेल असावें, म्हणजे तें अंगीं लागतें. दूध, अंडें व काळीज ह्यांत तें तयारच असतें. बाळंतिणीचें पहिलें पिंवळें दूध पिळून टाकूं नये. त्यांत तें विपुल असतें. तें बाळाच्या पोटांत गेलें पाहिजे, डोळ्यांत नव्हे.

७. दवाखान्यांत केव्हां जावें?

पुढील लक्षणांत एक दिवसही थांबूं नये: एकाच डोळ्यांत तीव्र वेदना, उजेड न सोसणें, नजर अचानक कमी होणें, बुबुळावर पांढरा ठिपका, पातें-कुसळ लागल्यानंतरची लाली, आणि लेंकराचा रातांधळेपणा. डोळ्यांत चुना किंवा फवारणीचें औषध उडाल्यास तत्काळ निदान १५ मिनिटें स्वच्छ पाण्याच्या धारेखालीं डोळा उघडा धरून धुवावा, मग दवाखान्यांत न्यावें.

साध्या कोरडेपणासाठीं महिनाभर वरील नेम करूनही उतार न पडल्यास नेत्रवैद्याकडे जावें. तेथील तपासणीस भिण्याचें कारण नाहीं. जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर ह्यांनीं १९०३ सालीं सांगितलेली कसोटी आजही वापरतात: खालच्या पापणींत कागदाची बारीक पट्टी पांच मिनिटें अडकवितात, आणि ती किती भिजली तें मोजतात. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर पाणी फार कमी आहे असें समजतात. दुसऱ्या कसोटींत पिंवळा रंग घालून अश्रूंचा पडदा किती सेकंदांत तुटतो तें पाहतात. १० सेकंदांच्या आंत तुटला तर तो दुबळा समजतात. रोग जुना असल्यास दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात, किंवा पाणी नाकाकडे नेणारीं छिद्रें बारीक बुचांनीं बंद करितात. म्हणजे असलेलें थोडें पाणी डोळ्यांतच राहतें. बांध घालून ओढ्याचें पाणी अडवावें, तशीच ही युक्ति आहे.

उपदेशक बंधूंस आमची विनंति अशी कीं, हा पाठ वाचून दाखविल्यावर त्यांनीं घरोघरीं दोन गोष्टी विचाराव्या: ‘ह्या घरांत डोळ्यांचे थेंब कोणी, कोणाच्या सांगण्यावरून घालतें काय?’ आणि ‘दिवेलागणीस अडखळणारें मूल आहे काय?’ एवढ्या दोन प्रश्नांनीं एखादी दृष्टि वांचली, तर त्यांचा तो फेरा सार्थकीं लागला असें समजावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. अश्रूंच्या पडद्यांतील तीन पदार्थ कोणते, व तेलाचें काम काय?
२. पाणी वाहणारा डोळाही कोरडा असूं शकतो, हें शेजाऱ्यास कसें समजावून सांगाल?
३. लाली झपाट्यानें उतरविणारे थेंब वैद्यास न विचारतां घातल्यास कोणते धोके आहेत?
४. मोठ्या माणसाचा व लहान मुलाचा कोरडा डोळा ह्यांत भेद काय?
५. तुमच्या गांवांत ‘अ’ जीवनसत्त्व देणाऱ्या कोणत्या पालेभाज्या व फळें मिळतात? त्यांची यादी करा.